दुसरी खाच

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, कोंड्यालांच्या कारखान्यात
एप्रिलच्या दुपारी मी टेबलाखाली आडवी.
वरून श्रीहरी विचारतो, "काय म्हणतंय, मॅडम?"

म्हणत काहीच नाही.
पांढरी अक्षरं धावत येतात,
मेमरी मोजून होते, डिस्क सापडते,
पहिला प्रोसेसर हजर.
मग एक ओळ: दुसऱ्याला उठवत आहे.
आणि तिथंच.
कर्सरसुद्धा लुकलुकत नाही.

पंचवीस वर्षांचं यंत्र. दोन पेंटियम,
काळ्या डब्यांत, दोन खाचांत, पाट्यांसारखे उभे.
जेकार्डची सगळी डिझाइनं ह्याच्याच पोटात:
मोर, वाघ, आहेराच्या चादरीची किनार.
ती वाचणारा प्रोग्राम दुसऱ्या कशावर चालत नाही,
लिहिणारी कंपनी कधीच बुडाली.

आधी झाकण काढलं. आत सुताचा भुरका,
पंख्यावर अख्खी गोधडी.
निळा निघाला, मग लाल, खाली परत निळा.
कुठल्या साली कुठली ऑर्डर होती
ते श्रीहरी थरांवरून सांगू लागला.
सुरू केलं.
तिथंच.

बॅटरी मेलेली. घड्याळात अजून एकोणीसशे नव्व्याण्णव.
"जा बे, पळत," म्हणून पोराला पिटाळलं,
पस्तीस रुपयांची नवी टिकली आली.
तारीख भरली. मल्टिप्रोसेसरची सेटिंग
एक पॉइंट एकवर घसरलेली, ती एक पॉइंट चार केली.
वाटलं, हेच.
हे नव्हतं.

मग अदलाबदल:
डावा उजवीकडं, उजवा डावीकडं.
दोघंही पहिल्या खाचेत नीट बोलतात,
दोघंही दुसरीत मुके.
म्हणजे दोष त्यांचा नाही, जागेचा आहे.
टॉर्च मारला तर खाचेच्या बुडाशी तीन कपॅसिटर,
डोकी फुगलेली,
एकाच्या कडेनं तपकिरी ओघळ, वाळलेला.

सुरू होतानाच बजावलं: एकच मोज,
दुसऱ्याला हाक मारू नकोस.
उठलं! दहा मिनिटं चाललं. गोठलं.

"मग काढूनच टाका की दुसरा."
काढला. आता तर पडदाच काळा.
ह्या बोर्डांचं असंच असतं.
खाच मोकळी ठेवली
की सिग्नल तिथवर जाऊन माघारी आपटतो,
आणि त्या गोंगाटात पहिल्यालाही काही ऐकू येत नाही.
तिथं एक कार्ड लावावं लागतं.
त्याच्यावर अक्कल नसते, नुसते रोधक.
ते मोजत नाही काही,
आलेलं तेवढं ऐकून घेतं.

असलं कार्ड आता कुठं मिळायचं?
श्रीहरी जरा थांबला.
"इरय्याकाकांच्या ड्रॉवरात बघू का?"

इरय्या संगा, डिझाइन मास्तर.
हे धूड त्यांनीच पुण्याहून एसटीनं
मांडीवर घेऊन आणलेलं, म्हणे.
ड्रॉवरात आलेख-कागद, चुन्याची डबी,
लाल पेन्सिलींची थोटकं,
आणि प्लास्टिकच्या पिशवीत हिरवं कार्ड.
पिशवीवर तेलुगूत दोन शब्द.
श्रीहरीनं वाचून दाखवले: फेकू नका.

लावलं.
मोर उघडायला चार मिनिटं लागली,
आधी तुरा, मग मान, पिसारा कितीतरी वेळानं.
"निम्म्या ताकदीनं चालेल," मी म्हटलं.
"कपॅसिटर बदलता येतील, पण बारीक डागणीला
माझा हात हल्ली कापतो."
"चालतंय की. शुक्रवारची ऑर्डर निघाली म्हणजे झालं."

टेबलापाशी दोन खुर्च्या.
एकीवर श्रीहरी. दुसरीवर सुताचे कोन रचलेले,
दहा-बारा, सगळे पिवळे.
पिशवी ठेवावी म्हणून मी एक कोन उचलला,
तर पोरगं म्हणालं,
"ते तिथंच असू द्या, मॅडम."
ठेवला परत.

बिल उभ्यानंच लिहिलं.
मजुरी तीनशे. बॅटरी पस्तीस.
कार्ड त्यांचंच होतं.